सरावपाठ: ‘बंध तुटला की ऊर्जा सुटते’ हे मुलांच्या डोक्यातून कसं काढायचं?

कळवेकरीण

नमस्कार मंडळी. बी.एड.चं दुसरं वर्ष चालू आहे, ठाण्यातच. इंटर्नशिप ज्युनिअर कॉलेजवर लागलीय आणि बारावीचं केमिकल थर्मोडायनॅमिक्स आणि त्याच्या पाठोपाठचं इलेक्ट्रोकेमिस्ट्री असे दोन्ही घटक माझ्या गळ्यात पडलेत. (मैत्रिणीला पॉलिमर मिळालं, ज्याचं त्याचं नशीब.)

परवा पूर्वज्ञान तपासायचं म्हणून वर्गात विचारलं, गॅस पेटवल्यावर उष्णता येते कुठून? तर सगळे एका सुरात, ‘बंध तुटतात म्हणून’. मग लगेच विचारलं की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते की नाही, तर त्यालाही ‘हो’. दोन्हीला हो! आणि कोणाला त्यात काही खटकलंही नाही. डेल्टा एचची (अभिक्रियेत बाहेर पडलेल्या किंवा शोषलेल्या उष्णतेची) गणितं मात्र पटापट सोडवतात, उणे चिन्हासकट.

पाठ टाचण लिहून झालंय, उद्दिष्टं, फलकलेखन, मूल्यमापन सगळं जिथल्या तिथे आहे, पण मला स्वतःलाच वाटतंय की ह्याने काही होणार नाही. दुसरं म्हणजे हे दोन धडे मुलांना दोन वेगळे विषय वाटतात, एकात उष्णता आणि एकात बॅटरी. ते जोडायचे कसे? लॅबमधून फार काही मिळत नाही, त्यामुळे स्वस्तातला प्रयोग सुचवा. आणि प्लीज बँक बॅलन्सचं उदाहरण नको, ते सगळ्यांचं करून झालंय.

नुसताच_वाचक

छान विषय. मी आर्ट्सवाला, पण मलाही बंध तुटला की ऊर्जा सुटते असंच वाटत होतं. वाचतोय.

खाडीपल्याड

कळवेकरीण ताई, ही गोष्ट मी वाशीत शिकवत होतो तेव्हापासून तशीच आहे. मुलांचा दोष नाही, ‘इंधनात ऊर्जा साठवलेली असते’ हे पाचवी-सहावीपासून कानावर पडतं, मग मूल म्हणतं साठवलेली आहे म्हणजे आत कोंडलेली आहे, कवच फोडलं की बाहेर. तर्क म्हणून चूक काहीच नाही त्यात, सुरुवातच चुकलीय.

फ्रिजवर चिकटवतात ती दोन लोहचुंबकं हातात द्यायची. ओढून वेगळी करायला जोर लागतो, आणि एकमेकांकडे सोडली की खटकन आवाज करून चिकटतात. ऊर्जा कधी बाहेर पडली, विचारा. बस, एवढंच, चुंबक लगेच खिशात टाकायचं, जास्त ताणलं तर मुलं अणूंनाच चुंबक समजायला लागतात.

मग आकडे. आणि हे आकडे मुलांकडूनच मांडून घ्या, स्वतः लिहू नका. हायड्रोजन जळून वाफ होते. दोन मोल (मोल म्हणजे डझनासारखं, रेणू मोजायचं माप) हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ दुणे ८७२ किलोजूल, एक मोल ऑक्सिजनचा तोडायला ४९८, मिळून १३७० किलोजूल आपल्या खिशातून गेले. इथे थांबायचं आणि विचारायचं, आत्तापर्यंत ऊर्जा मिळाली का? नाही, नुसता खर्च. मग पाण्याचे चार ओ-एच बंध तयार होतात, एकेक ४६३चा, म्हणजे १८५२ परत आले. १८५२ वजा १३७० म्हणजे ४८२ हातात राहिले. वर्गात शांतता होते बघा ह्या ठिकाणी.

आता खरी गंमत, जी पुस्तकात नसते. इंधनात ऊर्जा असते हे वाक्यच अर्धं आहे. पाइप गॅस म्हणजे मिथेन, त्याचा एक मोल जाळला की ८९० किलोजूल, ऑक्सिजन लागतो २ मोल. सिलिंडरमधला प्रोपेन २२२० देतो, ऑक्सिजन ५ मोल. ब्युटेन २८७७, ऑक्सिजन साडेसहा मोल. आता प्रत्येकाला ऑक्सिजनच्या मोलने भागा. ४४५, ४४४, ४४३! असं नेहमीचं कार्बनी इंधन कुठलंही घ्या, एक मोल ऑक्सिजन वापरला की जवळपास तेवढंच. कारण ऑक्सिजनचा तो दुहेरी बंध दुहेरी असूनही तसा कमजोर आहे, आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात जे बंध होतात ते फार घट्ट. म्हणजे ऊर्जा सिलिंडरमध्ये कोंडलेली नाही, सिलिंडर आणि हवा ह्या जोडीची आहे ती. ऑक्सिजन नसलेल्या जागी तो सिलिंडर उघडून काय होईल विचारा पोरांना.

कळवेकरीण

सर, ४४५, ४४४, ४४३ बघून मी आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एथेनॉलचं पण केलं, १३६७ भागिले ३, ४५६ येतंय. ग्लुकोज २८०५ भागिले ६ म्हणजे ४६७. थोडं वर जातंय पण त्याच घरात आहे. हे टाचणात जाणार म्हणजे जाणार!

बायो_वाली_बाई

एक मिनिट. तुम्ही हे रसायनात शिकवाल, आणि पुढच्या तासाला मी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) शिकवते तिथे काय म्हणू? आमच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं उच्च-ऊर्जा बंध असं लिहिलेलं असतं, तो फॉस्फेटचा बंध तुटतो आणि पेशीला ऊर्जा मिळते. मुलं माझ्याकडे येऊन विचारतात बाई तुम्ही खोटं सांगताय का. नीट परीक्षेला प्रश्नही तसाच येतो.

खाडीपल्याड

बाई, खोटं नाही, पण अर्ध्यातच थांबलंय. फॉस्फेटचा बंध तोडायलाही ऊर्जा लागतेच, त्याला काही वेगळा कायदा नाही. पण तो तुटतो तेव्हा पाणी येऊन नवे बंध जुळतात, शेजारी शेजारी दाटलेले ऋण प्रभार सुटे होतात, सुटा झालेला फॉस्फेट जास्त स्थिर असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचे रेणू नीट बसतात. ह्या सगळ्याचा जमाखर्च मांडला की प्रमाण स्थितीत मोलमागे ३०.५ किलोजूल मोकळी ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येईल अशी, मिळते. तुम्ही ‘बंध तुटल्यामुळे’ऐवजी ‘एटीपीची पाण्याशी अभिक्रिया झाल्यामुळे’ एवढं बदललंत तरी आमचं काम निम्मं होईल.

बायो_वाली_बाई

एवढं जमेल. बाकी पेपर काढणाऱ्यांना कोण सांगणार ते बघा.

क्लासवाला_नौपाडा

सगळं छान आहे हो, पण बोर्डाच्या पेपरला आणि सीईटीला ह्यातलं काय येतं? पोरांना डेल्टा जी = उणे एन एफ ई (मोकळ्या ऊर्जेतला बदल = उणे इलेक्ट्रॉनची संख्या × फॅरेडेचा स्थिरांक × व्होल्ट) हे सूत्र पाठ पाहिजे, चिन्हं पाहिजेत, नर्न्स्टचं समीकरण पाहिजे. तुमच्याकडे तासिका ४० मिनिटांची, त्यात चुंबकं काढून बसलात तर पोर्शन कधी संपायचा? मी पंधरा वर्षं शिकवतोय, संकल्पना क्लिअर झालेली पोरं पण चिन्ह चुकवतात.

खाडीपल्याड

क्लासवाले सर, चिन्ह का चुकतं ते पण बघा ना. फिजिक्सचे सर शिकवतात उष्णता दिली = आंतरिक ऊर्जेतली वाढ + व्यवस्थेने केलेलं कार्य. केमिस्ट्रीत आम्ही लिहितो आंतरिक ऊर्जेतला बदल = उष्णता + व्यवस्थेवर झालेलं कार्य. नियम एकच, कार्य कोणाच्या बाजूने मोजायचं ते उलटं. पोरगं सकाळी एक ऐकतं, दुपारी दुसरं, आणि कुणी सांगत नाही की बाबा दोन्ही बरोबर आहेत, फक्त खातं कोणाचं लिहितोय ते बघ. स्टाफरूममध्ये फिजिक्सवाल्यांशी दहा मिनिटं बोललं की हा घोळ मिटतो. पण स्टाफरूममध्ये आपण बोलतो ते फक्त डीए आणि पेपर तपासणीबद्दल.

आता जोडणीचा प्रयोग. कळवेकरीण, हा मन लावून वाचा.

मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या, ५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात विरघळवा, साधारण ०.२ मोलर (लिटरला ०.२ मोल) होतं. ते कागदी पेल्यात, एका पेल्यात दुसरा घालून (थर्माकोलचा पेला जास्त चांगला, पण महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, सरावपाठाला निरीक्षकांसमोर तो काढू नका). थर्मामीटर ठेवा. त्यात ३ ग्रॅम झिंकची पूड टाका आणि ढवळत राहा. पट्टी नको, तिच्यावर तांब्याचा थर बसतो आणि काम रेंगाळतं. निळा रंग फिका पडत जातो, तांबडट गाळ खाली बसतो, आणि तापमान चढतं. हिशोबाने १० अंश चढायला हवं, पेला थोडी खातो, तुम्हाला नऊच्या आसपास मिळालं तरी चांगलं. ह्या अभिक्रियेची उष्णता मोलमागे साधारण २१७ किलोजूल.

आता तीच अभिक्रिया, तेच झिंक, तेच मोरचूद, पण दोघांना भेटू द्यायचं नाही. झिंकची पट्टी झिंक सल्फेटमध्ये, तांब्याची मोरचुदात, मधे सॉल्ट ब्रिज (आयनांना, म्हणजे प्रभार असलेल्या कणांना, वाट देणारी क्षाराची जोडणी), बाहेरून तार. हाच डॅनियल सेल, १८३६चा. मल्टीमीटरवर १.१ व्होल्टच्या आसपास दिसेल. इथे क्लासवाल्या सरांचं सूत्र बाहेर काढायचं. २ इलेक्ट्रॉन × फॅरेडेचा ९६४८५ × १.१ व्होल्ट करा, २१२ किलोजूल येतात.

२१७ आणि २१२ फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि गप्प बसा. मुलं आपणहून म्हणतात, सर अभिक्रिया तीच आहे ना? तीच. पेल्यात सगळं उष्णता म्हणून गेलं, इथे २१२पर्यंत तारेतून काम करून घेता येतं, फारच सावकाश चालवला तर, आणि उरलेले पाच तेवढे उष्णता म्हणून जातात. डेल्टा एच आणि डेल्टा जी मधला फरक मला दुसऱ्या कशानेही असा दाखवता आलेला नाही. दोन धडे इथे एक होतात.

क्लासवाला_नौपाडा

हे बरंय. सूत्राआधी हे दाखवायला वेळ किती?

खाडीपल्याड

आदल्या दिवशी द्रावणं करून ठेवली तर एका तासिकेत दोन्ही होतात.

रबाळे_प्लेटिंग

मी शिक्षक नाही, रबाळे एमआयडीसीत प्लेटिंगचं युनिट आहे, पुतणी बी.एड. करतेय तिने लिंक पाठवली. माझा एक जुना प्रश्न आहे. पुस्तकात ॲनोड निगेटिव्ह लिहिलाय, आमच्याकडे ॲनोड पॉझिटिव्ह. निकेलच्या टाकीत टायटॅनियमची बास्केट, तिच्यात निकेलचे तुकडे, वर कापडी पिशवी बांधलेली, ती रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या यंत्राच्या) प्लसला. जॉब, म्हणजे ज्यावर निकेल चढवायचं ती वस्तू, मायनसला. नवीन पोराने उलटं लावलं तर जॉबच विरघळायला लागतो, आणि असं झालेलं आहे. मग पुस्तक चूक की आम्ही?

खाडीपल्याड

कोणीच नाही. ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं, म्हणजे धातू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातो, ती जागा. प्लस-मायनसवर त्याचं नाव ठरतच नाही. डॅनियल सेलमध्ये झिंक स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडतं, ते पट्टीवर साठतात म्हणून ती मायनस. तुमच्या टाकीत निकेलकडून रेक्टिफायर इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणून ती प्लस. विरघळणारी बाजू दोन्हीकडे ॲनोडच. ‘ॲनोड मायनस’ पाठ केलेलं पोरगं इलेक्ट्रोलिसिसमध्ये हमखास आपटतं.

तुमच्याकडचे आकडे द्या की थोडे, मुलांना कारखान्यातलं गणित फार आवडतं.

रबाळे_प्लेटिंग

घ्या. १० अँपिअर एक तास सोडले तर फॅरेडेच्या हिशोबाने निकेल १०.९ ग्रॅम चढायला पाहिजे. प्रत्यक्षात शंभरातले ९५-९६ टक्के चढतं, बाकीचा करंट हायड्रोजन काढण्यात जातो, जॉबवर बारीक बुडबुडे दिसतात तेच ते. आणि क्रोममध्ये तर १०-२० टक्केच, उरलेला सगळा करंट गॅस आणि गरमीत. बिल मात्र पूर्ण करंटचं येतं :) क्रोमच्या टाकीवर एक्झॉस्ट का लागतो तर हा गॅस वर येताना ॲसिडचे बारीक तुषार घेऊन येतो, ते फुप्फुसांना फार वाईट.

कळवेकरीण

काका, हे गणित मी घेऊ का पाठात? १० × ३६०० भागिले ९६४८५ म्हणजे ०.३७३ मोल इलेक्ट्रॉन, निकेलला दोन लागतात म्हणून निम्मं ०.१८७, गुणिले ५८.७… १०.९ आलं!

रबाळे_प्लेटिंग

घ्या की बाळा. पैसे नाही लागत.

नुसताच_वाचक

लिंबाची बॅटरी करतात शाळेत, ती पण हेच का? लिंबात वीज असते असं माझ्या मुलीच्या प्रोजेक्टवर लिहिलंय, चार्ट पेपरवर रंगीत पेनाने.

मीठभाकरी

लिंबात काही नाही हो. तिथेही झिंकच संपतं, खिळ्यावरचं. लिंबाचं आम्ल फक्त इलेक्ट्रॉन घ्यायला आहे, तांब्याच्या तारेपाशी हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतात. मुलीला सांगा दोन्ही बाजूंना तांब्याचीच तार खोचून बघ, लिंबू तेच आहे पण मीटर शून्याला. नंतर रस पिळून वाटीत घे आणि झिंक-तांबं त्यात बुडव, पुन्हा वीज. लिंबू फुकट बदनाम.

बायो_वाली_बाई

तुम्ही सगळे उष्णता बाहेर पडते तेवढंच बोलताय. एन्ट्रॉपीचं (ऊर्जा किती रीतींनी वाटली जाऊ शकते त्याच्या मापाचं) काय? माझ्या वर्गातल्या एकीने विचारलं होतं, अभिक्रिया कमी ऊर्जेकडे जाते म्हणतात, मग गार होणाऱ्या अभिक्रिया होतातच कशा. तिला मी केमिस्ट्रीच्या सरांकडे पाठवलं, अजून आली नाही परत.

मीठभाकरी

ठाण्यात राहतो आपण, मडक्यावर बोलू. एप्रिलमध्ये पाणी गार होतं ते पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. एक ग्रॅम उडालं की २.४ किलोजूल गेले. पाच लिटर पाणी पाच अंशांनी उतरवायला ४३ ग्रॅम पाणी उडालं तरी हिशोब जुळतो, बाहेरून येणारी उष्णता सोडून. उष्णता शोषणारी क्रिया, तरी आपोआप चालू आहे, कोणी ढकलत नाही. कारण वाफेतल्या रेणूंना ऊर्जा वाटून घ्यायला पाण्यापेक्षा किती तरी जास्त रीती मिळतात. आणि जुलैत हेच मडकं ढिम्म, कारण हवा आधीच बाष्पाने भरलेली. एकाच मडक्यात आपोआप होणारी आणि न होणारी क्रिया दोन्ही दाखवता येतात, फक्त परिस्थिती बदलली.

वर्गात करायचं तर नवसागर (अमोनियम क्लोराइड). कल्हईवाले वापरायचे तोच. दोन चमचे पाण्यात टाकून पेला मुलाच्या हातात द्या, गारठतो.

‘अव्यवस्था’ ‘पसारा’ हे मात्र टाळा. पोरं लगेच आपल्या खोलीचा विनोद करतात आणि तिथेच अडकतात. कपाटातले कपडे विस्कटले म्हणून एन्ट्रॉपीचं गणित सुटत नाही. ऊर्जा किती रीतींनी वाटली जाऊ शकते असं सांगा, बोल्ट्झमनच्या व्हिएन्नातल्या थडग्यावर कोरलंय ते सूत्र हेच सांगतं.

खाडीपल्याड

मीठभाकरींना अनुमोदन. बर्फाचं एक छोटं गणित जोडा. वितळायला मोलमागे ६०१० जूल, एन्ट्रॉपी वाढते २२ जूल प्रति केल्विन. भागाकार करा, २७३ येतो. बर्फ शून्य अंशालाच का वितळतो हे मुलांच्या वहीत उत्तर म्हणून येतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि हेही सांगा की ‘आपोआप’ म्हणजे ‘लगेच’ नाही. हिऱ्याचं ग्राफाइट होणं आपोआप होणाऱ्यातच मोडतं, मोलमागे २.९ किलोजूलने, पण कोणाच्या अंगठीतला हिरा काळा पडला नाही.

कळवेकरीण

गंजण्याचं कुठे घ्यावं? आमच्या बिल्डिंगच्या ग्रिल सगळ्या गेल्यात, ते उदाहरण घ्यावंसं वाटतंय.

खाडीपल्याड

शेवटी घ्या, आणि ग्रिलवर थांबू नका. गंज म्हणजे कोणी न जोडलेला सेल. लोखंडाचाच एक भाग ॲनोड, दुसरा कॅथोड, तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधलं ओलं मीठपाणी हा सॉल्ट ब्रिज. वीज होते पण कोणाच्या कामाची नाही. खाडीच्या हवेतलं क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर मोडतं म्हणून आपल्याकडे जास्त. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३चा, ताणलेल्या पोलादी केबल्सवर उभा केलेला काँक्रीटचा. त्या केबल्सच गंजल्या, आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा पूल आला. रोज ती खाडी ओलांडणारी पोरं आहेत तुमच्याकडे, त्यांना विचारा जुन्या पुलात ॲनोड कुठे होता.

क्लासवाला_नौपाडा

हा प्रश्न मी उद्याच्या बॅचला टाकतो. तुमचं नाव सांगून.

कळवेकरीण

सगळ्यांचे आभार. टाचण पुन्हा लिहायला घेतलं. एकच अडचण, सॉल्ट ब्रिज. फिल्टर पेपर पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवला तर व्होल्ट दिसतात पण लाल एलईडी पेटत नाही, दोन सेल सिरीजमध्ये लावूनसुद्धा. मुलांना नुसता आकडा दाखवण्यापेक्षा काहीतरी पेटलेलं दाखवायचंय.

खाडीपल्याड

कागदाच्या पट्टीतून आयन फार थोडे जातात म्हणून करंट मिळत नाही. इलेक्ट्रॉन त्या कागदातून जात नाहीत हेही तिथेच सांगून टाका, निम्म्या वर्गाला तसं वाटत असतं. ब्रिजच काढा आणि सुगड घ्या, संक्रांतीचं. सुगडात झिंक सल्फेट आणि झिंकची पट्टी, ते सुगड मोरचुदाच्या बरणीत उभं करायचं, बरणीत तांब्याचा पत्रा गोल वाकवून. भाजलेल्या मातीतून आयन आरामात जातात, आणि एकोणिसाव्या शतकात तारायंत्रांच्या बॅटऱ्यांतही मातीचंच भांडं असायचं. असे दोन लावले की २.२ व्होल्ट, लाल एलईडी पेटायला पाहिजे.

कळवेकरीण

आत्ता सुगड कुठे मिळणार, संक्रांत कधीच होऊन गेली.

मीठभाकरी

जांभळी नाक्याला मडकी विकणाऱ्यांकडे विचारा, शिल्लक असतात. नाहीतर कुठलंही छोटं बोळकं चालेल. रंगवलेलं घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. तिथेच पाणी भरून पाच-दहा मिनिटं ठेवा, बाहेरून दमट झालं तरच घ्या, नाहीतर पुढचं उचला. चार घ्या, एखादं गळकं निघतं.

खाडीपल्याड

आणि सेल जोडायच्या आधी बोळकं अर्धा तास झिंक सल्फेटमध्ये भिजवून ठेवा. झालं की लगेच वेगळं करून धुवा, रात्रभर ठेवलं तर मोरचूद आत झिरपून झिंकवर तांबं बसतं. उरलेलं मोरचूद बेसिनमध्ये नको, त्यात झिंकची पूड टाकून रंग जाईपर्यंत ठेवा, तांबं खाली बसेल, ते गाळून लॅबच्या बाटलीत भरा.